कारध्याचा समुद्र

कप्तान जिभेने पाणी ओळखायचे. बोट बुडवायचे, जिभेच्या शेंड्याला लावायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांनी सरबताचा एक घोट घेतला आणि भर मांडवात जाहीर केले, "हे पानी नळाचं नाही. मागच्या विहिरीचं आहे, अन् विहीर यंदा उपसली नाही." हेडमास्तरांचा पेला ओठांपाशीच थांबला. मी तेव्हा भंडाऱ्यात नुकताच नोकरीला लागलेला चोवीस वर्षांचा मास्तर होतो. असा माणूस म्हणजे मला तिकिटाविना नाटक. दुसऱ्याच दिवशी सायकल काढली आणि पूल ओलांडून कारध्याला त्यांच्या घरी गेलो.

ते कप्तान नव्हतेच. वीसेक वर्षे त्यांनी जहाजाच्या भटारखान्यात कांदे सोलले होते. परत आले आणि पुढच्या खोलीत काचेची टाकी मांडून तिच्यात समुद्र भरून बसले. मुंबईचा एक जुना सोबती आगगाडीने खाऱ्या पाण्याचे कॅन पाठवायचा. घराच्या उतारावर वैनगंगा. जाळी खांद्यावर टाकून जाणारे ढिवर दारात थांबायचे.

"काहो कप्तान, दारात नदी असून समुद्र कायले पोसून राहिले?"

"नदी कोणालेही पोसते बापू. समुद्राले आपण पोसा लागते."

आतून त्यांच्या पत्नी, काकू, म्हणायच्या, "भाजीले मीठ नाही घरात, अन् माशाले पायलीभर!"

नवशिक्याने मासा कसा निवडावा, यावर कप्तानांचे ठाम मत होते. देखणा घेऊ नये, खादाड घ्यावा. मी एकदा त्यांच्यासोबत नागपूरच्या दुकानात गेलो. त्यांनी दुकानदाराला फर्मावले, "आधी त्याले जेवू घाल. माह्यासमोर जेवला तरच नेतो." दुकानदार म्हणाला, "अहो, मासा घ्यायला आलात की जावई पाहायला?" "जावई उपाशी राहत नाही," कप्तान म्हणाले, "मासा राहते. अन् मरते."

पहिले त्यांनी काळ्या मॉली आणल्या, गोड्या पाण्यातल्या. रोज थोडे थोडे मीठ वाढवत पंधरा-वीस दिवसांत त्यांना पुरत्या खाऱ्या पाण्याची सवय लावली. टाकीतले पाणी माशांना मानवते की नाही, ते या मॉलींवरून कळायचे. "गोड्यातला जीव हळूहळू खारा होते, मास्तर. मलेच पाह्य."

मग समुद्राचे मासे आले. नारिंगी अंगाचे, पांढऱ्या पट्ट्यांचे, जोकर म्हणतात ते. सोबत्याने पिशव्यांत भरून पाठवले. निम्मे प्रवासातच गेले. दुसऱ्या खेपेला तेच. कप्तानांनी एकेक मासा परसातल्या लिंबाखाली पुरला. मी गमतीने म्हणालो, "लिंबं खारट लागतील आता." ते हसले नाहीत.

"समुद्रातून उचलून आणलेला मासा चोरीचा," ते म्हणाले. "आता एकही आणणार नाही. इथं कारध्यात जन्मेल, तोच आपला. तेवढा एक जगला पाह्यजे."

चार जोकर उरले होते. त्यांतले दोन कप्तानांनी ठेवले, दोन समुद्रात सोडायला सोबत्याकडे परत धाडले. या माशांच्या जोडीत जो थोराड असतो तो मादी होतो, हे त्यांनी मला सांगितले तेव्हा मी ते स्टाफरूममध्ये इतके रंगवले की इतिहासाचे सर चहा सांडून बसले. मादीने टाकीतल्या कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलावर, अंडी घातली. नर त्यांच्यापुढे रात्रंदिवस परांनी वारा घालायचा. पिल्ले निघाली, मोहरीएवढीसुद्धा नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी एकही उरले नाही. दुसऱ्या वेळीही तसेच. लिंबाखाली पुरण्याइतकेही काही हाती लागले नाही.

कप्तानांचे एक वाक्य मी गावभर गाजवले होते. उन्हाने टाकीतले पाणी बोटभर उतरले की ते नदीच्या पाण्याची कळशी ओतायचे, बोट चाटायचे आणि म्हणायचे, "पानी उडते, मीठ उडत नाही." ते बोट, ते मिटलेले डोळे, तो खर्ज, मी हुबेहूब करायचो. लोक पोट धरून हसायचे. वाक्य मला पाठ होते. ते काय सांगत होते, ते मी कधी ऐकलेच नव्हते.

मे महिन्यात कप्तानांचे पाय सुजले. मूत्रपिंड निकामी होत होते. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मीठ संपूर्ण बंद केले. निघताना कवेलूवर तिसऱ्यांदा अंडी होती. मला एवढेच म्हणाले, "मास्तर, पानी उतरलं का भरजो."

मी भरले. रोज भरले. समुद्राची टाकी, म्हणून समुद्राचे पाणी. कोपऱ्यातले जपून ठेवलेले कॅन एकेक रिकामे केले. अंड्यांत पिल्लांचे चंदेरी डोळे दिसू लागले तेव्हा मी नागपूरला धावलो. त्यांनी निरोप धाडून मागितले होते म्हणून टाकीतले शिशीभर पाणी सोबत नेले.

काकूंनी मान दुसरीकडे वळवली. कप्तानांनी बोट बुडवले, जिभेला लावले आणि डोळे मिटले.

"वरून काय टाकलं?"

"समुद्राचंच, कप्तान. कॅनमधलं."

"पानी उडते, मास्तर," ते हळूच म्हणाले. "मीठ नाही उडत."

त्या क्षणी कळले. उडालेल्या पाण्याच्या जागी मी रोज आणखी मीठ ओतत होतो. मिळेल ती एसटी पकडून मी कारध्याला आलो. मादी तळाशी आडवी पडली होती. कवेलूवरची अंडी चुन्यासारखी पांढरी झाली होती. नर मात्र त्यांच्यापुढे वारा घालत होता. मी खारे पाणी काढून गोडे घालत राहिलो, पण अंड्यांतले डोळे गेलेच.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. कसलेल्या नटासारखे खोटे बोलायचे वाटेत ठरवले होते. त्यांच्यासमोर ते जमले नाही.

"नर काय करून राहिला?" त्यांनी विचारले.

"अजून वारा घालतोय."

"घालू दे." ते म्हणाले, "त्याले सांगू नोको."

तिसऱ्या दिवशी कप्तान गेले. माणसे त्यांना पोचवून नदीवरून परतली तेव्हा टाकीतले पाणी बोटभर उतरले होते. मी वैनगंगेची कळशी हळूहळू ओतली, बोट बुडवून जिभेला लावले. नर त्या पांढऱ्या कवेलूपुढे वारा घालतच होता. मी त्याला काही सांगितले नाही.