जहाजाच्या हॉटेलातली दुपार

टाचणीकाकूंचं लग्न जहाजावरच्या स्वयंपाक्याशी ठरलं, तेव्हा मैत्रिणींनी त्यांना चिडवलं होतं, "मजा आहे बाई तुझी, जन्मभर आयतं ताट!" ते ताट काकूंना मिळालं वर्षातले जेमतेम दोन महिने. बाकीचं वर्ष नवरा कुठल्यातरी समुद्रावर परक्या माणसांना जेवू घालायचा आणि काकू दोन खोल्यांच्या घरात, खिडकीशी मशीन लावून, लोकांच्या पँटी आखूड करत बसायच्या. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून गल्लीने ठेवलेलं हे नाव. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही, आणि ते काकूंच्या सोयीचंच होतं. नवऱ्याबद्दल कुणी विचारलं तर काय सांगायचं, हा त्यांना प्रश्नच पडायचा.

काका सुट्टीवर आले की घर दणाणून जायचं. ते हसत हसत गोष्टी सांगायचे: कुणी चहात साखरेऐवजी मीठ टाकलं, कुणाच्या बुटात खेकडा निघाला. वादळाचं विचारलं तर म्हणायचे, "अगं, वादळ म्हणजे पाळणा! अशी झोप लागते म्हणून सांगू!" मुलगी टाळ्या पिटायची. काकूंच्या मनात मात्र हळूहळू अढी बसत गेली. हा माणूस तिकडे मजेत आहे. घर म्हणजे याला मुक्कामापुरती धर्मशाळा.

निवृत्त होऊन कायमचे घरी आल्यावर काकांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. जहाजावरचा हात काही केल्या आखडेना. दोघांसाठी म्हणून केलेली भाजी सगळ्या जिन्याला पुरायची. शेजारी खूश, काकू फणफणलेल्या. माझी कढई कुठे ठेवलीत, गाळणी कुणी हलवली, यावरून रोज कुरबुर. नीट कडाडून भांडायला तरी एकमेकांची सवय लागते. यांना तीही नव्हती. एकाच खोलीत चुकून उतरलेल्या दोन पाहुण्यांसारखी दोघं जपून जपून वावरत होती.

अशात नातीचा वाढदिवस आला. नात सहा वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. तिला अम्युझमेंट पार्कमधल्या जहाजाच्या हॉटेलात जेवायचं होतं. "आजोबा, तुमचंच जहाज आहे ते!" असं तिने जाहीर केल्यावर काकांना नाही म्हणायची सोय उरली नाही.

पार्कात पाळण्यांचा खडखडाट आणि पोरांचा कल्ला. त्यातून वाट काढत मुलगी, जावई, नात आणि ही दोघं हॉटेलापाशी पोचली. बाहेरून खरंच जहाज: डोलकाठ्या, शिडं, दोरखंड. आत गोल खिडक्या आणि त्यांच्यामागे पडद्यावर हलणारं निळं पाणी. पट्ट्यापट्ट्यांचे बनियन घातलेले वेटर आणि खोटी दाढी लावलेला कप्तान. दाढी सारखी गालावरून सुटत होती. काकूंनी सवयीने तिच्याकडे बघितलं आणि दोन टाके घातले तर बसेल, असं त्यांना वाटून गेलं.

काका रंगात आले होते. "हे सुकाणू बघ, भिंगरे. हे असं जेवणघरात असलं ना, तर जहाज सरळ सुपाच्या पातेल्यात जाईल!" भिंगरी खिदळली. तळलेला मासा आला, ब्रेड आला, सूप आलं. जावई म्हणाला, "बाबा, आज तुम्ही नुसतं खायचं. उठायचं नाही."

"बघ, जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला हुकूम दिला बसायचा," काका म्हणाले.

तेवढ्यात भोंगा वाजला. कप्तान ओरडला, "सावधान! वादळ येतंय!"

दिवे मिणमिणले. छताला टांगलेले कंदील झुलायला लागले, पायाखालची जमीन थरथरली, खिडक्यांमागचं पाणी काळं झालं. पोरं आनंदाने किंचाळत होती. काकूंनाही गंमत वाटली. त्यांनी भिंगरीचा ग्लास धरला आणि हसत काकांकडे वळल्या.

नेमकं त्याच क्षणी आत स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. ते नाटकातलं नव्हतं. भांड्यांचा ढीग कोसळल्याचा खरा, कर्कश आवाज झाला आणि कुणीतरी "आई गं!" म्हणून ओरडलं.

काका ताडकन उभे राहिले. एका हाताने त्यांनी टेबलाची कड पकडली आणि दुसऱ्या हाताने काकूंचं मनगट. पकड इतकी घट्ट, की काकूंच्या बांगड्या रुतल्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते काहीतरी पुटपुटत होते, पण गोंगाटात ऐकू येईना.

दिवे लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतून एक वेटर आला आणि हसत म्हणाला, "काही नाही, काही नाही, ताटल्या फुटल्या. लागलं नाही कुणाला." काकांनी मनगट सोडलं नाही.

"बाबा?" मुलगी घाबरून उठली.

"तुम्ही जेवा," काकू म्हणाल्या. "आम्ही जरा हवा खाऊन येतो." आणि ज्या हातात आपला हात अडकला होता, त्या हातालाच ओढत त्या काकांना बाहेर घेऊन गेल्या.

हॉटेलाच्या मागच्या अंगाला जहाज नव्हतंच. नुसत्या प्लायवूडच्या फळ्या, त्यांना मागून दिलेले टेकू, गॅसची सिलिंडरं आणि एक बाक. काका बाकावर बसले. मग म्हणाले, "दोनच माणसं होतो गं आम्ही त्या किचनमध्ये. मी आणि तो."

"कोण तो?"

"माझा कामातला जोडीदार. आम्ही एका केबिनमध्ये झोपायचो. असंच वादळ होतं. म्हणजे असं नव्हे, खरं. तापलेल्या तेलाची कढई जागची सुटली. मी दोन हात पलीकडे होतो. कढई माझ्याकडे आली नाही, त्याच्याकडे गेली. बंदर लांब होतं. तिथे पोचेपर्यंत तो राहिला नाही. आणि संध्याकाळी सगळ्यांना जेवायला लागतंच ना. मीच केला स्वयंपाक. त्याच किचनमध्ये."

काकूंनी विचारलं, "कधी झालं हे?"

"आपली पोर पहिलीत गेली, त्या साली."

ते साल काकूंना लख्ख आठवत होतं. काका मुलीसाठी लाल बूट घेऊन आले होते आणि घरात नाचले होते. आल्या आल्या गल्लीतल्या सगळ्या पोरांना जेवायला घातलं होतं. आणि काकू, महिनोन् महिने एकटीने घर ओढून थकलेल्या, त्यांना तोडून बोलल्या होत्या, "तुम्हाला काय होतंय, मजेत असता तिकडे!" त्यावर काका "हो" म्हणाले होते. नुसतं "हो".

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर परत जाऊ दिलं असतंस?"

काकूंनी खोटं बोलायचं नाही असं ठरवून विचार केला. "नसतं दिलं."

"मग?"

"मग काय मग!" काकूंचा आवाज एकदम चढला. पलीकडे भाजी चिरणारा माणूस वळून बघायला लागला. "तुम्ही म्हणालात पाळणा, म्हणून मी घाबरायचं सोडलं का? वारा सुटला की मी मशीन सुरू करायची. कापड नसलं तरी. नुसती चिंधी घालून चालवत बसायची, का, तर पोरीला वाऱ्याचा आवाज येऊ नये. आणि मनात म्हणायची, ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागलाय तो मात्र तिकडे घोरतोय. सांगितलं असतंत तर भीती गेली नसती हो. पण दोघं मिळून घाबरलो तरी असतो!"

"नुसती चिंधी?" काकांनी विचारलं.

"मग काय तर. सुया मोडल्यात कितीतरी."

काकांना हसू आलं, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी पदराने नव्हे, सरळ तळहाताने त्यांचा चेहरा पुसला, लहान मुलाचा पुसावा तसा खसाखसा.

मुलगी, जावई आणि भिंगरी ताटल्या घेऊन मागेच आले. सोबत तो दाढीवाला कप्तानही होता, दाढी हातात घेऊन. "काका, सॉरी. पुढचं वादळ बंद ठेवू का?" त्याने विचारलं.

"छे, छे," काका म्हणाले. "पोरं वाट बघत असतील. होऊ दे तुझं वादळ. आम्ही बाहेर बसतो."

भिंगरीने आजोबांना नीट न्याहाळलं. "तुम्ही घाबरलात?"

"हो," काका म्हणाले. "खूप."

"बरं," भिंगरी म्हणाली आणि माशाचा तुकडा मोडून त्यांच्यापुढे धरला. गार झालेला मासा सगळ्यांनी सिलिंडरांशेजारी बसून खाल्ला.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. कढईवरून कुरबुर चालूच राहिली. पण काका अधूनमधून, कांदा सोलताना, एखादं वाक्य सांगायचे आणि मध्येच सोडून द्यायचे. काकू त्यांना घाई करायच्या नाहीत. असंच एकदा कळलं, की जोडीदाराच्या बायकोला काका कधीच भेटले नव्हते. "कुठल्या तोंडाने जाऊ?" ते म्हणाले. काकूंनी मशीनवर कापड झाकलं आणि म्हणाल्या, "याच तोंडाने. मी येते बरोबर."

ती बाई एका जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, सुनेजवळ राहत होती. केस पिकलेले, गुडघे धरलेले. तिने पाणी दिलं, बसायला सांगितलं. काका कढईबद्दल बोलायला लागले, तर तिने हाताने थांबवलं.

"ते कळलंय मला. कंपनीने कळवलं होतं," ती म्हणाली. "एवढंच सांगा, शेवटी त्यांनी काही खाल्लं होतं का? की उपाशीच गेले?"

"खाल्लं," काका म्हणाले. "सूप. मीच भरवलं. दोन चमचे घेतले आणि म्हणाला, मीठ कमी आहे."

बाईच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

"कमी नसणार हो," ती म्हणाली. "माझ्यासुद्धा प्रत्येक जेवणाला तेच म्हणायचे." आणि सुनेला हाक मारून तिने दोन पानं वाढायला सांगितली.