दादानं दिल्ली निवडली

माझा भाऊ चंद्रभान अकोल्याच्या शेतकी कॉलेजात शिकला, मंग संख्याशास्त्रात पहिला आला. सारा तेल्हारा त्याले हुशार म्हणे. मी म्हणते, चुलीत घाला ती हुशारी.

बासष्ट साली त्याले डॉक्टरेटसाठी दोन ठिकाणी जागा भेटली. दिल्लीत कपाशीचा हिशेब, कोणता गुण बियाण्यातून किती उतरते. कलकत्त्यात तोच हिशेब माणसांचा. दादाचा जीव कलकत्त्यात होता. आमचा धाकटा मोतीराम जन्माचा बहिरा-मुका, अन् चांदूर बाजारच्या मामाकडंही तसेच दोन पोरं.

मामाची रुख्मिणी लहानपणापासून दादाची ठरलेली. आमच्यात मामाची पोरगी हक्काची. ती आली की हा बावळटासारखा हसे. पण त्यानं घरचाच हिशेब मांडला अन् मायले म्हणाला, "एकाच रक्तात लगन केलं तं लेकरं मोतीरामसारखी होऊ शकतात. कलकत्त्याले जातो. आपल्या घरापासून सुरू करून घरोघर इचारतो, कोणाकडं अशी लेकरं हायेत."

माय रडाले लागली. "घराण्यात दोष हाय असा बोभाटा झाला, तं सुभद्रीले कोण करीन? रुख्मीले कोण करीन?"

सुभद्री म्हणजे मी. माह्या लग्नापायी दादा मुकाट्यानं दिल्लीले गेला, याचा मले अजूनही राग येते. मामाले त्यानं इतकंच कळवलं, "मले शिकाचं हाय, माह्यासाठी थांबू नका."

मामा भडकला. त्याच वैशाखात त्यानं रुख्मी पातूरच्या जानरावले दिली. जानराव म्हणजे आमच्या माणिकबाई मावशीचा पोरगा, अन् मावशी मामाची सख्खी बहीण. रक्त तेच. पण खरं कारण कोणी बोललंच नव्हतं, तं मामाच्या ध्यानात कसं येईन? मायनंही बोभाट्याच्या भेवानं तोंड उघडलं नाही. दादाले कळलं तवा अक्षता पडून गेल्या होत्या.

पुढं दादा सुटीत आला तवा आमी पातूरले गेलो. रुख्मीच्या मांडीवर लेकरू होतं. दादानं त्याच्या मागून थाळी वाजवली. लेकरानं वळून पाह्यलं नाही. तो वाजवतच राह्यला, शेवटी मी थाळी काढून घेतली.

मंग रडत रडत त्यानं सारं सांगितलं.

रुख्मीनं इचारलं, "म्हणजे मी तुले नकोशी नव्हती?"

"नाही."

"मी तेच समजून रडत होती." तिनं लेकराले जवळ घेतलं. "मायले सांगितलं तुनं. मले सांगितलं असतं तं मी बिनलग्नाची राह्यली असती. मलेच काहून नाही सांगितलं?"