हिरव्या चहाची चूळ

माझ्या बायकोच्या हृदयाची एक झडप लहानपणीच्या तापाने कायमची बिघडलेली आहे. लग्नाआधीच हे सांगितलेलं होतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली होती: दात आणि हिरड्या सांभाळा. तोंडातले जंतू हिरडीतून रक्तात उतरले तर धडधाकट माणसाला सहसा काही होत नाही, पण हिच्या खडबडीत झडपेवर ते ठाण मांडून बसू शकतात. दाढ दुखली तर लगेच दाखवा. काढायची वेळ आली तर आधी जंतू मारणारी गोळी घ्या आणि मग काढा.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे कुठेतरी मी स्वतःसाठी सबब शोधेन.

उन्हाळ्यात तिची खालची दाढ ठणकायला लागली. हिरडीवर फोड आला. "भंडाऱ्याले दाखवून येऊ का?" ती म्हणाली. भंडाऱ्यातला आमचा दातांचा डॉक्टर माझा वर्गमित्र. तिथेच माझी गोची होती.

त्याच्याकडे वर्षभरापूर्वी मी एकटाच जाऊन आलो होतो. भाजी जरा तिखट झाली की गाल आतून पेटायचा, म्हणून. तोंड किती उघडतं ते बघायला त्याने मला माझीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला लावली. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं.

"खर्रा सोड," तो म्हणाला. "गाल आतून चामड्यावानी होऊन राहिला. पुढं काय होते, तुले सांगाले पायजे का?"

गालाचा तुकडा काढून तपासू म्हणाला. मी सुट्टीत येतो म्हणून उठलो, तो परत गेलोच नाही.

सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घोटून केलेला खर्रा आमच्याकडे चहाइतका सहज मिळतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो. व्यसनमुक्तीची शपथ मुलांकडून मीच म्हणवून घेतो. बायकोच्या लेखी माझा खर्रा कधीचाच सुटला होता. तिला घेऊन मित्राच्या दारात गेलो असतो, तर त्याने तिची दाढ बघण्याआधी माझ्या तोंडाची चौकशी केली असती.

म्हणून मी तिला म्हणालो, "दाढ काढली की जंतू रक्तात जातात. तुझ्या झडपेले धोका आहे. थांब थोडी."

वाक्य खोटं नव्हतं. गोळीचं तेवढं मी गाळलं; डॉक्टरांचं सगळं मीच ऐकून तिला सांगायचो.

त्याच सुमारास ती आंधळगावला माहेरी गेली, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. फोनवर दाढेचा विषय निघाला, तेव्हा मी तिला उपाय सांगितला. तो मी स्वतःवर वर्षभर करत होतो. स्कूटरच्या डिक्कीत खर्ऱ्याच्या पुडीशेजारी ग्रीन टीचा डबा असायचा. शाळेत कपभर पाण्यात तो मुरवायचा, गार करायचा आणि चूळ भरायची. त्यातली कॅटेचिन नावाची द्रव्यं तोंडातल्या दात किडवणाऱ्या जंतूंना दाताला चिकटू देत नाहीत, त्यांचं आम्ल कमी करतात, हिरड्या खाणाऱ्या जंतूंनाही आवरतात, असं मी वाचलं होतं. ते प्रयोगशाळेतल्या काचेत दिसतं. दाढेच्या मुळाशी साचलेल्या पुवापर्यंत चूळ पोचत नाही, हेही त्याच पानावर होतं. ते मी वाचून सोडून दिलं.

मला मराठी शब्दच वापरायची खोड आहे. ग्रीन टी म्हणायला जीभ वळत नाही. मी म्हणालो, "हिरवा चहा उकळ, गार कर आणि दिवसातून दोनदा चूळ भर."

"हिरवा चहा ना? घरीच तर आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, तिच्या भावाने आणला असेल. काही दिवसांनी विचारलं, कडू लागतो का? "नाही बा, चांगला वास येते," ती हसून म्हणाली. वर्षभर मी तो कडवट, तुरट चहा तोंडात धरत होतो. त्याच क्षणी मला थबकायला हवं होतं. पण दाढेवर जास्त बोलणंच मला नको होतं. फोन ठेवला.

मग एका दुपारी सासूबाईंचा फोन आला. "जवाई, पोरीले थंडी वाजून ताप भरून राहिला. उतरतच नाही."

आंधळगावहून नागपूरपर्यंत ती गाडीत माझ्या खांद्याला डोकं टेकून होती. तिच्या कपाळाची धग शर्टातून लागत होती. जंतू झडपेवर बसले तर सुरुवात अशीच तापाने होते, हे मला पाठ होतं.

दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचं तोंड बघितलं. "ही दाढ कधीपासून अशी आहे? दाखवली का नाही?"

"हे म्हणत होते, दाढ काढली की जंतू रक्तात जातात," बायको म्हणाली. "म्हून मी हिरव्या चहाच्या चुळा भरून राहिली."

"ग्रीन टी?"

"नाही वो. हिरवा चहा. तुळशीमागं बेट आहे आईच्या. पात कापून उकळाची. नुसतं पानी तोंडात धरवत नाही म्हून आई साखर टाकते."

गवती चहा. आमच्याकडे त्यालाच हिरवा चहा म्हणतात, आणि मी याच मातीतला. चहाचं झाड वेगळं, हे गवत वेगळं. माझ्या तोंडात कॅटेचिन जात होतं आणि तिच्या किडक्या दाढेला साखरपाणी.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "सर, आधी गोळी द्यायची असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?"



तिचं रक्त बाटल्यांत भरून नेलं. त्या उबेत ठेवायच्या आणि आत काही वाढतं का ते बघायचं. विरजण लावून उबेत जंतू कसे वाढतात, हे मी दरवर्षी वर्गात दाखवतो. मुलं नाक दाबून हसतात. आता कुठल्याशा खोलीत माझ्या बायकोचं रक्त तसंच उबेला ठेवलेलं होतं आणि मी बाहेर बाकावर. कोणीही पांढरा कोट येताना दिसला की मी उठून उभा राहायचो. लघवीला जायचीही भीती, तेवढ्यात बोलावलं तर?

ताप जरा उतरला तेव्हा तिने विचारलं, "अवो, तुमी असे काहून बसले? माह्यापेक्षा तुमीच बिमार दिसता."

मग मी सांगितलं. मित्राकडे एकटा गेलो होतो ते, डिक्कीतली पुडी, गाळलेली गोळी, सगळं. ती छताकडे बघत ऐकत होती.

"म्हंजे माही दाढ तुमच्या खर्ऱ्यापायी सडली."

"हो."

"म्हूनच भाकर चिमण्यावानी टोचून टोचून खाता," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

रक्तात मलेरिया निघाला. बाटल्या शेवटपर्यंत स्वच्छ राहिल्या. झडप होती तशीच होती. हे माझ्या कसल्याच शहाणपणामुळे नाही. डास चावला आणि त्या तापाने आम्हाला दवाखान्यात नेलं, एवढंच.

ती बरी झाल्यावर आम्ही मित्राकडे गेलो. गोळी घेऊन तिने दाढ काढून घेतली. तोंडात कापूस धरूनच ती खुर्चीवरून उतरली आणि मला बोट दाखवून पुटपुटली, "आता ह्यायचं."

मित्राने गालाचा तुकडा काढला. त्याचा निकाल अजून यायचा आहे. खर्रा बंद आहे. चिडचिड होते.

सकाळी ती मला ओट्यापाशी उभं करते. ग्रीन टीचा डबा आता तिथेच उघड्यावर असतो. पहिल्या दिवशी तिने तो हुंगून विचारलं होतं, "हा तरी खरा आहे का?" आता दोघंही चुळा भरतो, बिनसाखरेच्या. मग ती म्हणते, "उघडा तोंड." मी बोटं घालतो. तिसरं अडतं. ती वाकून बघते, किती अडलं ते. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बघायची मला भीती वाटते, म्हणून मी तेवढा वेळ डोळे मिटून घेतो.