लिफ्टचा खड्डा आणि सोवळ्याची डोण

सरोजाच्या तोंडाला लागायचं नाही, हे तंजावूरच्या मेल वीथी या रस्त्यामागच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाई रागीट, पण रागाला कारण असायचं. नऊ वर्षं ती घरोघर डासांच्या अळ्या शोधत हिंडत होती, महापालिकेच्या रोजंदारीवर. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरच्या करवंट्या, काही सुटायचं नाही. अळी दिसली की पाणी तिथंच ओतायचं आणि दारामागं चिकटवलेल्या कार्डावर तारीख घालून सही करायची.

"आलीस का परत?" लोक कपाळाला आठ्या घालायचे.

"आले! तुमच्या घरात डासांचं बारसं चाललंय, बोलावलं नाहीत म्हणून आपणहून आले."

एवढं तोंड असूनही एका ठिकाणी तिचं काही चालत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी एक नवं कल्याण मंडपम, म्हणजे लग्नाचं कार्यालय, अर्धवट बांधून पडलं होतं; गल्ली त्याला मांडव म्हणायची. लिफ्टसाठी खणलेला खड्डा पुरुषभर पाण्यानं भरलेला. टॉर्च मारली की अख्खं पाणी वळवळताना दिसायचं. सरोजानं हे आपल्या वहीत अकरा वेळा लिहून दिलं. अकरा वेळा! दर वेळी सॅनिटरी इन्स्पेक्टर इलंगोवन म्हणाला, "बघतो." काय बघणार कपाळ! मालकाचा फोन कुणाला जातो हे ऑफिसातल्या शिपायालासुद्धा पाठ होतं. नोटिसा मात्र निघतच होत्या. कोपऱ्यावरच्या इडलीवालीला बादलीबद्दल, सायकलवाल्याला टायराबद्दल. गरिबाची बादली दिसायची आणि खड्डा दिसायचा नाही, अशी यांची नजर.

ऐप्पसीचा, म्हणजे दिवाळीच्या महिन्यातला, पाऊस लागला आणि गल्लीत ताप शिरला. आठवड्यात सात जण आडवे झाले. मांडवाच्या समोरच्याच घरातली शांभवी, नऊ वर्षांची पोर, डेंग्यूनं इस्पितळात गेली. तिच्या आजी शेषम्मा उशाशी बसून होत्या. पेपरात बातमी आली तेव्हा कुठं ऑफिसला जाग आली. इलंगोवन जीप घेऊन आला, बरोबर फोटो काढणारा आणि सरोजा. जीप मांडवावरून सरळ पुढं गेली आणि वळून शेषम्मांच्या दाराशी थांबली.

घरात शांभवीची आई होती. इलंगोवन चपला घालून थेट मागच्या पडवीत गेला. तिथं देवाच्या पाण्याची दगडी डोण होती, वर लाकडी फळी आणि धुतलेलं फडकं. त्यानं फळी सरकवली. आत अळ्या होत्या. फोटो निघाला. मग त्यानं दारामागचं कार्ड पाहिलं. त्यावर त्याच आठवड्यातल्या मंगळवारची सरोजाची सही होती.

सरोजा पडवीच्या दारातून बघत होती. सही तिची होती, आणि डोणीत तिनं पाहिलं नव्हतं. त्या मंगळवारीच नाही, नऊ वर्षांत कधीच नाही. तिच्या आईनं लहानपणापासून बजावलं होतं, रायरांच्या, म्हणजे इथल्या मराठी ब्राह्मणांच्या, घरी काम करावं, पण सोवळ्याच्या पाण्याला आपण हात लावायचा नाही. दुसरी कुणी तमिळ बाई असती तर ती फळी उचलून मोकळी झाली असती. सरोजाला मराठी येत होती, सोवळं कळत होतं, म्हणून ती पडवीच्या उंबऱ्यावरूनच परत फिरायची. तिला कुणी अडवलंही नव्हतं. तिला स्वतःचाच संताप आला.

ऑफिसात इलंगोवननं टाईप केलेला कागद तिच्यापुढं सरकवला. तापाचं मूळ शेषम्मांच्या घरातली डोण, आसपास इतर कुठंही अळ्या आढळल्या नाहीत.

"सही कर," तो म्हणाला. "तुझी चूक मी पोटात घालतो."

"आणि मांडवाचा खड्डा, सार?"

"कसला खड्डा? न बघता कार्डावर सही ठोकतेस आणि मला खड्डे शिकवतेस? उद्या सकाळपर्यंत कागद दे. नाहीतर येऊ नकोस."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढायचा सरोजानं! कागद घेऊन ती तडक इस्पितळात गेली. शांभवी डोळे मिटून पडली होती, हाताला सलाईन. शेषम्मा तिचे तळपाय चोळत होत्या.

"मावशी," सरोजा म्हणाली, "डोणीत अळ्या निघाल्या. मी बघितलंच नव्हतं. कधीच बघितलं नाही मी."

शेषम्मांचा हात थांबला. "का गं?"

"सोवळ्याची म्हणून."

म्हातारी इतक्या जोरात ओरडली की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "सोवळं माझं होतं, काम तुझं होतं! हात घालायचास! मला बोलायचंस! देव काय डासांचं पाणी पितो?" मग तिचा आवाज खाली आला. "गुडघे गेल्यापासून मी तळ काढलाच नाही त्या डोणीचा. रोज वरून दोन तांबे घालत होते. तू आलीस की मला माहीत असायचं, उंबऱ्याशी थांबतेस. बरं वाटायचं मला. आग लागो त्या बरं वाटण्याला."

दोघी रडल्या, आणि दोघींना एकमेकींचा रागही आला. निघताना सरोजानं तो टाईप केलेला कागद वाचून दाखवला. शेषम्मा म्हणाल्या, "माझं पाप माझ्या पदरात घाल. त्या मांडववाल्याचं घालू नकोस."

सकाळी सरोजानं त्याच कागदाच्या पाठीवर तमिळमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं. शेषम्मांच्या डोणीत अळ्या होत्या; मी न पाहता सही केली, ही चूक माझी. मांडवाच्या खड्ड्यात अळ्या आहेत. ते मी अकरा वेळा पाहून लिहून दिलं, ही चूक ऑफिसची. खाली सही केली आणि कागद टेबलावर ठेवला.

इलंगोवननं तो दोनदा वाचला. मग पेन काढलं, खड्ड्याच्या मजकुरावर आडवी रेघ ओढली, डोणीचा तसाच ठेवला आणि त्याखाली लिहिलं, चूक कबूल, कामावरून कमी.

"खरं लिहिलंस ते बरं केलंस," तो पेनाला टोपण लावत म्हणाला. "माझं काम सोपं झालं."