माझ्या अंगातलं दत्तारामचं रक्त

दत्ताराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुक्या बोंबलांची डोकी मोडत बसलो होतो. सून म्हणाली, "बाबा, दत्ताकाका गेले." मी "बरं" म्हटलं आणि परातीतले उरलेले बोंबील संपवले. मग हात धुतले, शर्ट घातला आणि लालबागहून करी रोडला त्याच्या घरी चालत गेलो. याला आता सहा आठवडे झाले. रडू तेव्हा आलं नाही, अजून येत नाही... लोक म्हणतात येईल. बघू.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला बसलो, कारण त्याच्या चाळीत कोणी म्हणतं दारूने गेला, कोणी म्हणतं तंबाखूने. दोन्ही खोटं. त्याने जन्मात सुपारीही तोंडात टाकली नाही. आम्ही दोघं परळच्या एका गिरणीत होतो. मी साच्यावर कापड विणायचो, तो साचे दुरुस्त करणारा फिटर. गिरणी बंद पडली तसा मी वॉचमन झालो आणि तो एका कंत्राटदाराबरोबर पार बोलिव्हियाला गेला, तिथल्या कारखान्यात जुने साचे बसवायला. तीन वर्षं मातीच्या भिंती आणि गवताचं छप्पर असलेल्या घरात राहिला. परत आला तो गोष्ट घेऊनच. "शिवा, तिथला ढेकूण म्हणजे आपल्या ढेकणांचा आजोबा रे! छपरातनं थेट तोंडावर पडतो." एकदा महिनाभर त्याचा डोळा सुजून बंद होता म्हणे. आम्ही पोट धरून हसलो. चाळीत जन्म काढलेल्या माणसाला ढेकणाचं काय भय? त्यालाही नव्हतं. कुठल्या डॉक्टरला त्याने ते कधी सांगितलं नाही.

पुढे काही वर्षांनी माझ्या पोटातला अल्सर फुटला. आमचा दोघांचा रक्तगट एकच, सहजी न मिळणारा. त्या दिवशी रक्तपेढीत त्या गटाचं रक्त नव्हतं. दत्तारामने शर्टाची बाही वर केली. शुद्धीवर आलो तर हा उशाशी उभा. "आता माझ्यासारखा शहाणा होशील मेल्या." वीस वर्षं तो हे ऐकवत होता. कॅरममध्ये मी जिंकलो की म्हणायचा, "हा डाव माझ्या रक्ताचा."

गेल्या वर्षी त्याला तिसऱ्या माळ्यापर्यंत जिना चढवेना. पाय सुजले. हृदय फुगून सैल पडलंय, ठोके चुकतात, असं निघालं. पेसमेकर बसवला. का झालं ते कुणाला कळेना. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, कधी परदेशात राहिला होतात?" दत्तारामने ढेकणाची गोष्ट रंगवून सांगितली. बाई हसल्या नाहीत. रक्त बाहेर तपासायला पाठवलं. चागास नावाचा रोग निघाला. तो ढेकणासारखा किडा चावतो तिथेच घाण करतो, त्या घाणीतून डोळ्याला न दिसणारे जंतू अंगात शिरतात आणि वर्षानुवर्षं हृदय पोखरतात. माणसाला पत्ता नसतो. बाईंनी पुढे विचारलं, "कुणाला रक्त दिलंत का कधी?" आपल्याकडे रक्तपेढीत या रोगाची तपासणी होत नाही, असंही त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून दत्ताराम स्वतःचा आजार विसरला. मी भेटायला गेलो की एकच. "शिवा, तपासून घे."

"मला काय धाड भरलीय?"

"मलाही तीस वर्षं काय झालं नव्हतं."

"तू दिलेलं रक्त मी चोरीच्या मालासारखं तपासू होय रे?"

"तुझ्यासाठी नको. माझ्यासाठी घे. मला झोप नाही लागत."

मी नाही म्हणालो. चार महिने नाहीच म्हणालो. मित्राने जीव वाचवला, त्याच्या रक्तावर संशय घ्यायचा नाही, हा माझा बाणा. मी घाबरलो होतो असं सून म्हणते. म्हणो. एकदा तो चिडून भिंतीकडे तोंड करून पडला, तरी मी उठून गेलो नाही आणि हो पण म्हटलं नाही.

त्याचं बारावं झाल्यावर मी एकटा जाऊन तपासायला रक्त दिलं. कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट मागच्या सोमवारी आला. सुनेने वाचला आणि देवाला साखर ठेवली. माझ्या अंगात काही नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं.

कागद घेऊन करी रोडला गेलो. वहिनींनी, दत्तारामच्या बायकोने, चष्मा लावून दोनदा वाचला.

"रक्त कधी दिलंत भावजी?"

"बाराव्यानंतर."

त्यांनी चष्मा काढून कागद माझ्या हातात परत दिला. मग म्हणाल्या, "शेवटच्या दिवशी सकाळी विचारत होते, शिवाचं काय आलं? मी म्हटलं, आलं, सगळं चांगलं आहे."

"मग?"

"म्हणाले, खोटं बोलू नको. तो गेलाच नसणार."

वहिनी चहा टाकायला उठल्या. मी खाटेवर बसलो. दत्ताराम भिंतीच्या बाजूला झोपायचा, तिथे गादी अजून खोलगट आहे. कागद तिथे ठेवला. पंख्याने तो उडायला लागला, म्हणून हात ठेवून बसून राहिलो. चहा आला, तो दुसऱ्या हाताने प्यालो...