‘तुमच्यात’ म्हणजे कुणात?

“तुमच्यात ग्रहण पाळत नसतील, नाही का?”

डॉक्टर हसून म्हणाला. लेसरवाला डॉक्टर, इंदूरच्या एका स्किन क्लिनिकमधला. मी खुर्चीत, डावा गाल त्याच्या दिव्याखाली. गालभर जांभळा-लाल डाग, जन्मापासूनचा. हात लावायच्या आधी त्यानं दोनच गोष्टी विचारल्या होत्या. आडनाव, आणि मूळ कुठले. महू, बाबासाहेबांचं जन्मगाव, म्हटल्याबरोबर त्याचं ‘आपण मराठी माणसं’ संपलं. ‘तुमच्यात’ सुरू झालं.

इतका शिकलेला माणूस! भिंतीवर डिग्र्या, बाजूला परदेशी मशीन, आणि डोक्यात राहू-केतू. मी भंवरकुआंला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवते. लेसरचा प्रकाश फुगलेल्या रक्तवाहिनीतलं रक्तच कसा पकडतो, हे त्याला मीच समजावलं असतं. कीव आली त्याची.

तेवढ्यात आई बोलली.

“नाही हो साहेब, ही पोटात असताना पाळलं होतं. चाकूलासुद्धा हात नव्हता लावला.”

खोटं. साफ खोटं. आमच्या घरी रोज बुद्धवंदना, ग्रहणबिहण काही नाही. आई ग्रहणात खुशाल पोळ्या लाटणारी बाई. पोरीचा डाग माझ्या चुकीनं नाही, हे तिनं गल्लीतल्या बायकांना वर्षानुवर्षं ठणकावून सांगितलं. आणि आज ह्या हलकटापुढे हात जोडून उभी. का? तर त्यानं माझ्या गालावर नीट काम करावं म्हणून.

माझं डोकंच फिरलं.

“आई, खोटं नको बोलूस. डॉक्टर, तुमच्यात म्हणजे कुणात?”

“अरे मॅडम, मी तर यूं ही...”

“यूं ही नाही. सांगा.”

नर्स खाली बघायला लागली. डॉक्टर फाइल चाळायला लागला. कोरी फाइल!

“आम्ही ग्रहण पाळत नाही. डागाचं कारण फाइलवर लिहा आणि आईला वाचून दाखवा.”

लिहिलं त्यानं. वाचलं पण. “जन्मजात रक्तवाहिन्यांचा दोष. आईच्या वागण्याशी संबंध नाही.” आवाज एकदम बारीक.

तिथून उठून यायला पाहिजे होतं, असं बहीण म्हणते. मी का उठू? मशीन त्याच्या बापाचं असेल, विज्ञान नाही. डोळ्यांवर काळा चष्मा चढवला आणि म्हटलं, चालू करा. गालावर रबरबँड सटकन लागावं तसे चटके बसले. बसू दे.

अजून पाच सिटिंग आहेत. पाचही घेणार, त्याच खुर्चीत, आईला शेजारी बसवून. तिला बजावलंय, माझ्या तोंडासाठी पुन्हा कुणापुढे खोटं बोललीस, तर त्याच क्षणी मशीन बंद करायला लावीन. डाग आयुष्यभर राहिला तरी चालेल.