रिकाम्या वाटीची पूजा

पाहुण्यांनी गोट्या टाकल्या, स्क्रीनवरचा पडदा बाजूला झाला, आकडा आला ५११६. पाहुणे शांतपणे म्हणाले, "ये तो किसी और की गाड़ी है."

मी प्रदर्शनं डिझाइन करतो. मुलांनी जिथे काहीतरी हाताळून शिकायचं असतं, तिथे ते 'काहीतरी' मी बनवतो. पुण्याहून इंदूरला आलो, पलासियात ऑफिस थाटलं, आणि सुदामा नगरच्या एका शाळेने मला गणिताची गॅलरी दिली. विषय शून्य.

शाळेचे चेअरमन राठीजी यांना गॅलरीच्या मधोमध मूर्ती हवी होती. फायबरची, सहा फुटी, दाढीवाले ऋषी, हातात गोल शून्य. खाली पितळेची पाटी, शून्य यांनी शोधलं. मी म्हटलं, शून्य असं एका माणसाला एका सकाळी सापडलेलं नाही. बाबिलोनचे लेखनिक आकड्यातली रिकामी जागा दाखवायला खूण करायचे. समुद्रापलीकडे माया लोकांनी आपलं वेगळं शून्य काढलं होतं. आपल्याकडे त्या रिकाम्या जागेला नऊ अंकांच्या पंगतीत पाट मिळाला, तिच्या बेरीज-वजाबाकीचे नियम झाले, आणि ही दहा अंकांची अख्खी पद्धत अरबांमार्फत युरोपात गेली. ही कमाई काय थोडी आहे? राठीजींनी सगळं मन लावून ऐकलं आणि इंदुरी थाटात म्हणाले, "बढ़िया. बस वो बाबिलोन काट दो, भिया."

मी खोडलं नाही. मूर्तीच्या जागी मी चार खोल पितळी वाट्या मांडल्या. हजार, शतक, दशक, एकक. प्रत्येकीखाली लोड सेल, म्हणजे वजन ओळखणारा छोटासा काटा. वाटीत जितक्या लाकडी गोट्या, तितका त्या घरातला अंक. रिकाम्या वाटीचं शून्य. दशकाची वाटी रिकामी असली तरी ती जागेवर आहे म्हणूनच शतकाचं शतक राहतं, हे मुलांना हाताने कळावं, एवढाच माझा डाव होता.

राठीजींनी अट घातली. उद्घाटनाला वाट्या नीट चालल्या तर त्या राहतील, आणि माहितीफलकावर बाबिलोनही राहील. नाही चालल्या तर मूर्ती. तिचा फोटो मोबाइलवर तयारच होता. मला ती काही केल्या नको होती. एकदा ऋषी उभे राहिले, की शाळेतली पोरं पिढ्यान्‌पिढ्या तेच घोकणार.

पाहुणे म्हणजे एक निवृत्त प्राध्यापक, मिस्कील माणूस. त्यांनी आपल्या जुन्या स्कूटरचा नंबर लावायचं ठरवलं, ४००५. हजारात चार गोट्या, एककात पाच. मधल्या दोन वाट्यांना हातही लावला नाही. आणि आलं ५११६. टाळ्यांसाठी उचललेले हात पालकांनी हळूच खाली घेतले. राठीजी माझ्या कानाशी आले. "वैद्यजी, मूर्ती कभी गलत नंबर नहीं बताती."

आदल्या संध्याकाळी सगळं तपासून घेतलं होतं. मग आकडा पुन्हा बघितला. चूक भारीच शिस्तीची होती. चारही घरांत बरोबर एक जास्त. सेन्सर बिघडले तर असे ठरवून बिघडत नाहीत. म्हणजे वाट्यांत काहीतरी होतं. सकाळच्या पूजेनंतर त्यांत झेंडूच्या पाकळ्या दिसल्या होत्या, पण पाकळ्यांना वजन ते काय, म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. आता हजाराच्या वाटीत बोटं घातली. पाकळ्यांखाली सुपारी. चारही वाट्यांत एकेक, वजनाला थेट माझ्या गोटीएवढी.

या कोणी ठेवल्या, म्हणून मी विचारलं. प्रिन्सिपल खांडेकर मॅडम पुढे आल्या. इंदूरचं जुनं मराठी घराणं, गणितात एम.एस्सी., आणि चेहऱ्यावर अपराधीपणाचा लवलेश नाही.

"मी ठेवल्या. खाली वाटीची पूजा कशी करायची, भिया? शेजारचा डब्बा तरी आपण कधी खाली वापस करतो का? चिमूटभर शक्कर का होईना, टाकतोच ना."

मी म्हटलं, मॅडम, ही शून्याची वाटी आहे. ती रिकामी असण्यासाठीच आहे.

"मग जुन्या लोकांनी तरी जागा खाली कुठे सोडली? शून्य लिहायला तिथे बिंदू ठेवलाच ना?"

प्राध्यापक आधी हसले, मग मी. एवढा राग आलेला असताना हसू येणं बरं नाही, पण आलं. मी सुपाऱ्या काढून विड्याच्या पानावर ठेवल्या. स्क्रीनवर ४००५ आलं. "हां, ये मेरी है," प्राध्यापक म्हणाले, आणि अडकलेल्या टाळ्या एकदाच्या वाजल्या.

राठीजी शब्दाला जागले. मूर्ती रद्द झाली, बाबिलोन फलकावर राहिलं. मी खूश. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मूर्ती नसली तरी पितळेची पाटी वाट्यांखाली लावायचीच होती, आणि तिचा मजकूर त्यांना सुचला होता: शेजाऱ्याचा डबा रिकामा परत न करण्याच्या आपल्या प्राचीन परंपरेतून शून्याचा जन्म झाला. "मैडम ने क्या बात बोली, भिया. सीधे संस्कृति से निकला." मी म्हटलं, राठीजी, छान कल्पना आहे, पण याला पुरावा नाही. ते म्हणाले, खांडेकर मॅडम एम.एस्सी. आहेत.

ती पाटी थांबवायला मला गॅलरी उभारण्यापेक्षा जास्त दिवस लागले. या धंद्यात एवढं शिकलो. क्लायंटच्या गळी खरी गोष्ट उतरवता येते. ती उतरल्यावर त्याला तिच्यातून नवी दंतकथा काढू न देणं, या कामाचे पैसे आपण कोटेशनमध्ये धरतच नाही.